एकदाच मारलेली हाक

धरणाच्या भिंतीपाशी मासे का जमतात हे मी बाबांना सांगितलं नसतं, तर त्या शिंप्याबद्दल त्यांनी मला कधी सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर आठ महिन्यांनी, बाबा आमच्याकडे क्वेकर्स हिलला आले. एकटे असे पहिल्यांदाच. आधीच्या दोन्ही खेपांना विमानातले फॉर्म भरण्यापासून इथल्या शेजारणीशी हातवारे करत गप्पा मारण्यापर्यंत सगळं आई करायची आणि बाबा तिच्या मागून बॅगा ओढत यायचे. या वेळी ते एक बॅग हातात आणि एक खांद्याला अडकवून बाहेर आले आणि मला बघून म्हणाले, "थंडी आहे की गं इथं." जुलै चालू होता.

पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. बोलणं मुळातच कमी, त्यात आई नाही. मी आणि नवरा कामावर, मुलगी शाळेत. ते सकाळी स्टेशनच्या पलीकडे नव्या वस्तीचं बांधकाम चाललंय तिथपर्यंत चालून यायचे आणि मग दिवसभर मागच्या खोलीत उन्हात बसायचे. संध्याकाळी मुलगी विचारायची, "आजोबा, व्हॉट डिड यू डू टुडे?" ते म्हणायचे, "चाललो." ती म्हणायची, "कूल." संपलं.

मला वाटायचं, आईची आठवण काढत असतील. त्यांना कुठं न्यावं कळेना. ऑपेरा हाउस बघून झालेलं, ब्लू माउंटन्स बघून झालेले. शेवटी मी म्हटलं, "बाबा, शनिवारी माझ्याबरोबर बोटीत याल का?"

ही बोट म्हणजे नवऱ्यानं लॉकडाऊननंतर हौसेनं घेतलेली टिनी, अ‍ॅल्युमिनियमची, ट्रेलरवरून ओढून न्यायची. तो तीनदा गेला आणि चौथ्यांदा त्याची पाठ धरली. विकून टाकायच्या आधी एकदा बघावं म्हणून मी गेले आणि त्यातच अडकले. आमच्या घरात मासे कुणी खात नाही. मी पकडते आणि सोडून देते. आई फोनवर म्हणायची, "मग त्या बिचाऱ्यांना त्रास कशाला देतेस?" 

सप्टेंबरचा पहिला शनिवार होता. बाबांच्या नावाचं तीन दिवसांचं मासेमारीचं लायसन्स मी ऑनलाइन काढून ठेवलं होतं. उजाडता उजाडता निघालो आणि दोन तासांनी हंटर नदीच्या खोऱ्यातल्या त्या धरणावर पोचलो. बोट उतरवायच्या रॅम्पजवळ एक पत्र्याचा फलक आहे. धरण कधी झालं, किती पाणी मावतं, कुठली कुठली शेतं आणि घरं पाण्याखाली गेली, असं सगळं त्यावर आहे. मी इतकी वर्षं त्याच्याशेजारी गाडी लावत आले आणि कधी वाचला नव्हता. मी बोट पाण्यात सोडेपर्यंत बाबा तो फलक वाचत उभे होते. मग लाइफ जॅकेटचे बंद घट्ट ओढून पुढच्या फळीवर बसले.

मी सरळ भिंतीकडे निघाले.

"तिकडं का?" बाबांनी विचारलं.

मग मी त्यांना बासचं सांगितलं. इथला बास हा मूळचा नदीतला मासा. थंडी पडली की नदीबरोबर खाली उतरत जातो, समुद्राजवळ पाणी खारट होतं तिथं अंडी घालायला. धरणातल्या बासला ती वाट नाही. तरी हिवाळा आला की हे मासे खाली निघतात आणि भिंतीपाशी येऊन थांबतात. थव्यांनी, आठवडेच्या आठवडे. तिथं अंडी धरत नाहीत. म्हणून बाहेरून पिल्लं आणून पाण्यात सोडावी लागतात. सप्टेंबरात पाणी जरा कोमटलं की ते भिंत सोडतात आणि भुकेजून परत वर पसरतात. तेव्हा भिंतीपासून सुरुवात करायची आणि ते कुठवर गेलेत ते शोधत जायचं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"दरवर्षी येतात?"

"दरवर्षी."

"पिल्लं बाहेरून आणून सोडतात म्हणालीस. म्हणजे ज्यांनी ही नदी बघितलेलीच नाही, तेपण?"

"तेपण."

ते भिंतीकडे बघत राहिले. त्यांनी स्वतः अशा दोन भिंती बांधून घेतल्या होत्या. 

भिंतीपाशी मासा नव्हता. माझ्याकडे साउंडर आहे, म्हणजे बोटीखाली काय आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. खोली, पाण्याचं तापमान, तळाचा आकार आणि मध्ये मासे असतील तर तांदळासारखे चमकणारे दाणे. पडदा कोरा होता. तापमान चौदा. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दोनदा गेले. मग नेहमीच्या तीन जागा केल्या, पाण्यातून वर आलेली वाळकी झाडं होती तिथं रबरी मासोळी टाकून टाकून हात दुखले. साडेनऊ झाले.

"नदी कुठून येते?" बाबांनी एकदम विचारलं.

"तिकडून, वरून."

"ते नाही. धरण व्हायच्या आधी नदी कुठून जायची? जुनं पात्र?"

मला ठाऊक नव्हतं. ते उभे राहायला लागले, मी ओरडले तशी बसले. मग बसल्या बसल्या त्यांनी दोन्हीकडच्या टेकड्या बघितल्या. बराच वेळ. बोटानं हवेत काहीतरी आखलं.

"ती सोंड बघ, खाली उतरलेली. तिच्यावर आपटून नदी डावीकडे वळणार. म्हणजे पात्र त्या अंगाला, कडा तीव्र. आणि अलीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला, गाळाची सपाटी. शेतं असतील तर तिथंच." मग थांबून म्हणाले, "ऊन कुठून येतं इथं दिवसभर?"

"उत्तरेकडून."

"हां. इथं उलटं." आणि ते जरा हसले, आल्यापासून पहिल्यांदा. "म्हणजे दक्षिणेचा काठ आधी तापणार. वाराही तिकडेच चाललाय. वरचं कोमट पाणी तिकडेच ढकललं जाणार. तिकडं घे."

मी घेतली. आणि पडद्यावरचा तळ त्यांनी सांगितला होता तसाच उलगडत गेला. बराच वेळ सपाट, मग एकाएकी पायरीसारखी धार आणि खाली जुनं पात्र. तापमान साडेपंधरा. धारेच्या अलीकडे, तळापासून थोडे वर, दाणे. एक नाही दोन नाही, ढीगभर.

पहिल्या फेकीलाच लागला. बास लागतो तेव्हा आधी एक ठोका बसतो आणि मग तो सरळ खाली, लाकडांकडे ओढ घेतो. मी त्याला वर आणला, हात ओला करून धरला. पाठ हिरवट काळी, पोट पितळेच्या रंगाचं. बाबांनी एक बोट त्याच्या पाठीवरून फिरवलं. मग मी सोडला. दुसरा रॉड मी त्यांच्या हातात दिला, रीळ हळू फिरवायची, अगदी हळू, थंड पाण्यात मासा धावत नाही, असं दाखवलं. त्यांनाही एक मिळाला. मला वाटलं, बरं झालं आणलं.

आम्ही पकडत पकडत वाऱ्याबरोबर सपाटीवर सरकत होतो. माझ्या दोरीला तिसरा की चौथा मासा होता तेव्हा बाबा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय?"

माझा साउंडर नवा आहे, तो तळ जवळजवळ फोटोसारखा दाखवतो. पडद्यावर एक सरळ रेघ होती, मग काटकोन, मग दुसरी रेघ. एका टोकाला उभं काहीतरी. आणि भोवती दाटीनं मासे.

"घर असेल एखादं जुनं," मी म्हटलं. "चौथरा दिसतोय. ते उभं आहे ते धुराडं. अशा जागी फार मासे मिळतात, बाबा. आत-बाहेर करत असतात."

"बोट काढ इथून."

"अहो, मासा आहे दोरीला."

"काढ तू बोट."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मी दोरी कापली, जे मी कधी करत नाही, आणि मोटर चालू केली. काठाजवळच्या एका वाळक्या झाडाला बोट बांधली. थर्मासमधला चहा दिला. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागले.

ते सव्वीस वर्षांचे होते. लग्न व्हायचं होतं. साताऱ्याकडच्या एका धरणावर पहिलं पाणी अडवायचं होतं आणि बुडितातली गावं रिकामी झाली की नाही हे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. वही घेऊन घराघराशी जायचं आणि लिहायचं, रिकामे. लोक जाताना घराची लाकडं घेऊन जायचे, वासे, तुळया, दारं, चौकटीसुद्धा. नव्या जागी तेवढंच कामाला येई. त्यामुळे रिकामं घर लांबूनच ओळखू यायचं. नुसत्या भिंती आणि दाराच्या जागी भोक.

"एका गावात एक शिंपी होता," बाबा म्हणाले. "एकटाच राहायचा. गावच्या कडेला दोन खोल्या. मी त्याच्याकडे शर्टाचं माप दिलं होतं. म्हणायचा, साहेब, तुमचा शर्ट झाल्याशिवाय मी काही जात नाही. मी हसायचो. शेवटच्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा पाऊस धरलेला होता. पाणी खालच्या आळीत शिरलं होतं. जीपचा ड्रायव्हर रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता, गाडी रुतेल म्हणून. मी बाकीची घरं केली. शिंप्याचं घर राहिलं. रस्त्यापासून असेल दोनशे पावलं, चिखलातून. मी रस्त्यावरूनच बघितलं. त्या घराला दार होतं."

मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"सगळ्या गावात तेवढ्या एका घराला दार होतं. लावलेलं. बाहेर कुलूप दिसत नव्हतं. मी हाक मारली. एकदा. थांबलो. ओ आली नाही. मग वहीत लिहिलं, रिकामे, आणि जीपमध्ये बसलो."

"तो आत होता?"

"माहीत नाही." त्यांनी चहा तसाच धरला होता. "पंधरा दिवसांनी त्याचा भाचा कॅम्पवर विचारत आला, मामा कुठं दिसला का. नव्या गावात पोचला नव्हता. मी म्हटलं, आम्ही गेलो तेव्हा घर रिकामं होतं. तो बरं म्हणाला आणि गेला. हिवाळ्यात माझी बदली झाली."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

 मग बाबांनी उरलेला चहा पाण्यात ओतून कप माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "चल, निघू या. तुला ट्रॅफिक लागेल."

गाडीत मी म्हटलं की तो आधीच कुठंतरी निघून गेला असेल, कुठल्याही मोठ्या गावात त्याला शिवणकाम मिळालं असतं. बाबा म्हणाले, "असेल." मी म्हटलं की तुम्ही लहान होता, सगळी जबाबदारी तुमच्यावर टाकायला नको होती. ते म्हणाले, "दोनशे पावलं होती गं." 

घरी ते होते तसेच होते. जेवले, भांडी पुसली, मुलीनं विचारलं तर "दोन मासे पकडले" असं सांगितलं. बिथरले होते मी. सोमवारी ऑफिसला जाताना स्टेशनपलीकडच्या नव्या वस्तीवरून गाडी घेतली तर घरांचे सांगाडे उभे होते, ओळीनं, विटा लागलेल्या, छपरं चढलेली, दारं अजून बसलेली नाहीत. बाबा रोज इथवर चालत येऊन थांबायचे. मी गाडी कडेला घेतली आणि त्या काळ्या भोकांकडे बघत बसले. मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा दचकले.

त्यानंतर रोज काहीतरी व्हायचं. बाथरूमचं दार लावलेलं दिसलं की मी थांबायचे. बाबांच्या खोलीचं दार सकाळी बंद असलं की दोनदा, तीनदा हाक मारायचे, आणि ते आतून ओ द्यायचे, "अगं, जागा आहे मी." मला त्या शिंप्याचा चेहरा माहीत नव्हता, म्हणून तो कुणाच्याही चेहऱ्यानं यायचा. हे बाबांना इतकी वर्षं असंच होत असेल का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

जायच्या आदल्या रविवारी ते स्वतःहून म्हणाले, "परत जाऊ या का तिथं?"

आम्ही गेलो. त्यांनीच मला वाट सांगितली, ती सोंड डोळ्यांसमोर ठेवून. त्या चौथऱ्यावर आल्यावर त्यांनी मला मोटर बंद करायला लावली. रॉड घेतला नाही. वारा नव्हता, बोट जागच्या जागी राहिली. पडद्यावर ती रेघ, तो काटकोन, आणि मासे येत-जात होते. अर्धा-पाऊण तास ते बघत होते. मग म्हणाले, "पुण्याला गेलो की मी त्या लोकांना शोधणार आहे."

आणि त्यांनी खरंच शोधलं. नव्या गावठाणाचं नाव त्यांच्या लक्षात होतं. दिवाळी झाल्यावर एसटीनं गेले. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा इथं मध्यरात्र उलटली होती. नेहमी ते व्हिडिओवर बोलतात, त्या दिवशी नुसता आवाज होता.

भाचा सापडला होता. सत्तरीच्या पुढचा, गुडघे गेलेला. बाबांनी आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, दार, जीप, वही. भाच्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यानं सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ते चौघंजण घर बघायला गेले होते. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. गाळात शिवणयंत्र मिळालं, पायाचं. दुसरं काही मिळालं नाही.

"म्हणजे नव्हता तो आत," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं. तर तो म्हणाला, साहेब, शिंपी माणूस, मशीन टाकून कुठं जाईल?"

मी स्वयंपाकघरातला दिवा लावला.

"मग त्यानं मला विचारलं, तुम्ही हाक मारली होती ना? मी म्हटलं, मारली. एकदा. तर तो म्हणाला, मामाला ऐकू कमी यायचं, साहेब."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. माप घेताना फार मोठ्यानं बोलायचा. मला वाटायचं, स्वभावच असेल."

भाच्यानं त्यांना शिव्या दिल्या नाहीत, पाया पडू दिलं नाही. जेवायला वाढलं. निघताना एसटीपर्यंत सोडायला नातवाला पाठवलं आणि म्हणाला, मे महिन्यात पाणी खाली गेलं की आम्ही सगळे जातो, देवळाचा कळस दिसतो, तुम्ही पण या.

बाबा मे महिन्यात गेले. मी नको म्हणत होते, ऊन फार होतं. काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती, डबे घेऊन आलेली. त्या वर्षी पाणी म्हणावं तितकं उतरलंच नाही. कळस दिसला नाही. लोकांनी काठावरूनच फुलं सोडली, मग सगळे जेवले आणि परत गेले. भाच्यानं बाबांना हातानं दाखवलं, मामाचं घर साधारण तिथं, त्या बाभळीच्या सरळ रेषेत. बाबा म्हणाले, "मला आठवत होतं त्याहून ते बरंच अलीकडे होतं. रस्त्यापासून दोनशे पावलं नसतीलच. फार तर शंभर."

गेल्या सप्टेंबरात मी एकटी धरणावर गेले. भिंतीपाशी मासे नव्हते. वरच्या झाडांमध्ये नव्हते. मी दुपारपर्यंत ती जागा टाळत राहिले. मग तिकडं गेले, कारण मासे तिथंच असणार हे मला ठाऊक होतं आणि मी मासे पकडायला आले होते. ते तिथंच होते. सहा मिळाले. प्रत्येक वेळी दोरी खाली सोडली की ती तळाशी पोचेपर्यंत माझ्या मानेवर काटा यायचा, आणि ठोका बसला की मी दचकायचे, इतक्या वर्षांत कधी दचकले नव्हते तशी. एकदा मला अगदी स्पष्ट वाटलं की काठावरून कुणीतरी हाक मारली. बघितलं तर दूरवर गाई चरत होत्या.

रात्री बाबांचा फोन आला. मिळाले का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मिळाले, सहा.

"कुठं?"

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. नाही जमलं. "त्या घरापाशी," मी म्हटलं.



"पाणी किती होतं?"

"सात मीटर."

"तापमान?"

"सोळा."

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. "दिवसभर ऊन असतं त्या उतारावर." आणि त्यांनी विचारलं की मुलीची परीक्षा कधी संपते.